दुकानाचा शब्द

मी बारा वर्षांची असताना अप्पांनी मला दुकानाचा शब्द सांगितला. सोलापूरच्या नवी पेठेत आमचं साड्यांचं दुकान. प्रत्येक साडीला एक छोटं लेबल आणि त्यावर विक्रीच्या किमतीखाली दोन-चार अक्षरं. दुकानाचा शब्द दहा अक्षरांचा, एकही अक्षर परत न येणारा. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, शेवटचं म्हणजे शून्य. खरेदीचा भाव त्या अक्षरांत लिहिलेला असायचा. गिऱ्हाईक ते बघायचं आणि त्याला काही कळायचं नाही. साड्या उलगडणारे काका वीस वर्षं दुकानात होते, पण त्यांनाही कळायचं नाही. घासाघीस शेवटाला आली की काका साडी गादीकडे सरकवायचे, अप्पा लेबल बघायचे आणि एकदाच भाव सांगायचे. शब्द अप्पांना ठाऊक आणि मला. मी एकुलती एक, त्यामुळे पुढे गादीवर कोण बसणार हा प्रश्न शब्द सांगितला त्याच दिवशी सुटला होता. निदान अप्पांच्या दृष्टीनं.

माझ्या दृष्टीनं सुटला नव्हता, कारण मला गादीवर बसवतच नसे. पायाला भिंगरी असल्यासारखी मी पाच मिनिटांत उठायची. शाळेत रसायनशास्त्राच्या बाईंनी लाळेनं पिठाची साखर होताना दाखवली तेव्हा मात्र मी तासभर परीक्षानळीसमोरून हलले नाही. तिथून पुढे जीवरसायनशास्त्र ठरलंच. अप्पांनी आडकाठी केली नाही. शीक की, दुकान कुटं पळून जातंय, एवढंच ते म्हणाले.

विद्यापीठात आमच्या अख्ख्या वर्गाला द्रावणाचा रंग मोजणारं एकच यंत्र होतं, तेही ज्या दिवशी चालेल त्या दिवशी. मी घाईची, त्यामुळे सगळ्यांत आधी यंत्र गाठायची, आणि माझ्या वहीतले आकडे दहा मिनिटांत चार वह्यांत पोचायचे. माझं डोकं फिरलं. एके दिवशी मी आकडे दुकानाच्या शब्दात लिहायला सुरुवात केली. शेजारच्या मुली वहीत डोकावायच्या आणि कपाळाला आठ्या घालून परत जायच्या. मला त्याची इतकी मजा वाटली की पुढे कुणी डोकावत नसतानाही मी तसंच लिहीत राहिले. सवय लागली, दुसरं काय.

त्याच सवयीसकट मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी जर्मनीला गेले. वर्षभर तिथल्या प्रयोगशाळेत काम करायचं, प्रकल्प पुरा करायचा आणि परत येऊन पदवी घ्यायची, अशी ती शिष्यवृत्ती होती. प्रकल्प पुरा झाला नाही तर वर्ष वाया. एका जिवाणूतलं एक प्रथिन शुद्ध करून त्याचं काम मोजायचं होतं. सांगायला एक ओळ, करायला महिने. प्रथिन गारठ्यात काढायचं, पुन्हा पुन्हा गाळायचं, बोटाच्या पेराएवढ्या ट्यूबमध्ये भरायचं आणि फ्रीजरमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवायचं. ट्यूबच्या झाकणावर मी तारीख आणि तीव्रता लिहायची. देवनागरीत, दुकानाच्या शब्दात. कुणी विचारलंही नव्हतं आणि लपवावं असं काही नव्हतंही. पण साधे आकडे लिहिले की मला उघड्यावर बसल्यासारखं व्हायचं.

गाव सुंदर होतं, पण मला तिथंही चैन पडेना. सोलापुरात असताना जर्मनी कधी येते असं झालं होतं. जर्मनीत रविवारी दुपारी सगळी दुकानं बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही असं बघितलं की नवी पेठेतल्या रिक्षांची गर्दी आठवून जीव कासावीस व्हायचा. खोलीत मी नुसत्या येरझाऱ्या घालायची. पाचव्या महिन्यात अगदीच राहवेना तेव्हा पिशवी उचलली आणि चार दिवस आगगाडीनं भटकायला निघाले. फोन बंद करून ठेवला. कुणाचाही आवाज नको होता.

परत आले तर फ्रीजर बिघडून गेलेला. मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो गरम व्हायला लागला होता. सगळ्यांनी आपापल्या ट्यूब शेजारच्या विभागाच्या फ्रीजरमध्ये हलवल्या, पण तिथं जागा थोडी, म्हणून महत्त्वाच्या तेवढ्याच न्यायच्या असं ठरलं. माझ्या खोक्यांवर माझं नाव होतं, पण आत काय महत्त्वाचं हे कुणाला वाचता येईना. त्यांनी मला सातदा फोन केला होता. शेवटी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीनं अंदाजानं एक खोकं उचललं. बाकीची सहा गेली. हे सांगताना ती मुलगी रडत होती, जणू चूक तिचीच होती. मी मेले तरी ते विसरणार नाही.

आमच्या प्राध्यापिका रागावल्या नाहीत. वाचलेल्या खोक्यात काय आहे ते सगळ्यांना कळायला हवं, म्हणून ही अक्षरं कशी वाचायची ते फळ्यावर लिही, असं त्या म्हणाल्या. मी खडू घेतला. दहा अक्षरं, त्यांच्याखाली दहा आकडे. त्यांनी फळ्याचा फोटो काढला, तो सगळ्यांना पाठवला आणि मग एवढंच विचारलं, की तू आमच्यापासून काय लपवत होतीस. रात्रंदिवस एकत्र काम करणाऱ्या त्या माणसांना मी गिऱ्हाईक समजत होते. मला स्वतःची लाज वाटली.

त्या रविवारी अप्पांना फोनवर सगळं सांगितलं. ट्यूब गेल्याचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. फळ्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मधेच विचारलं.

"सगळ्यांसमोर लिवलीस?"

"व्हय, अप्पा."

"बरं," ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.

पुढचं काम झपाट्यानं झालं. झाकणांवर आता साधे आकडे होते, त्यामुळे मी नसतानाही माझं काम पुढे सरकायचं. शेजारची मुलगी सकाळी लवकर येऊन माझं द्रावण गाळायला लावून ठेवायची, मी तिची मोजमापं करायची. पाच महिन्यांचं काम अडीच महिन्यांत झालं. प्रकल्प पुरा झाला आणि निघायच्या आठवड्यात प्राध्यापिकांनी पत्र दिलं, पीएच.डी.साठी परत ये म्हणून. उत्तर महिन्याभरात द्यायचं होतं.

ते पत्र घेऊन मी सोलापूरला आले. आठ दिवस झाले तरी अप्पांना सांगितलं नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या घरात बसवेना, म्हणून दुपारी दुकानात गेले. एक बाई मुलीच्या लग्नाची इरकल साडी बघत होत्या. काका उलगडत होते, अप्पा गादीवर. मी सवयीनं लेबल उचलून वाचलं. आधी दोन शून्यं आणि मग सत्तावीस, म्हणजे खरेदी सत्तावीस रुपये निघाली. पुन्हा वाचलं, तरी सत्तावीस. दुसऱ्या साडीचं बघितलं, तर तिची खरेदी विक्रीच्या दुप्पट. तेवढ्यात काकांनी माझ्या हातातली साडी घेतली, लेबलावर नजर टाकली आणि गादीकडे न सरकवता स्वतःच शेवटचा भाव सांगितला.

बाई पदर बघण्यात गुंतल्या होत्या. मी अप्पांजवळ जाऊन बसले.

"शब्द बदललाय की," ते हळूच म्हणाले. "तितं फळ्यावर गेला, मग त्यो आपला ऱ्हायला न्हाय. सगळी लेबलं नवी लिवली आमी दोघांनी. लई दिवस लागले."

"काकांना सांगितलात?"

"वाचायला कुणीतरी पायजे की हितं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. आपल्याच दुकानात मला एक लेबल वाचता येत नव्हतं, आणि रडू आलं तर त्या बाईंना वाटेल साडी महाग आहे म्हणून, असलं काहीतरी डोक्यात येत होतं.

"नवा शब्द काय हाय, अप्पा?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"ऱ्हाणार असशील तर सांगतो," ते म्हणाले. "जाणार असशील तर कशाला उगं वझं घेतीस?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मला तो शब्द हवा होता, आणि मला जायचंही होतं, आणि दोन्हीपैकी एकही इच्छा खोटी नव्हती. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. अप्पांनी चष्मा परत लावला आणि काकांना विचारलं, बाईंना इरकल पसंत पडली का.