सकाळचा पेला आणि माझं पातळ झालेलं रक्त

"आजी, रक्त फार पातळ झालंय. आत कुठं फुटलं तर आवरणार नाही," पेणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिरड्यांतून येणारं रक्त पदरानं टिपत मी तशीच बसले. तुमच्या घरी कुणाची हृदयाची झडप बदललेली असेल, तर माझं हे ऐकून ठेवा.

माझी झडप धातूची. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज घ्यावी लागते. गोळीचा जोर आयएनआर तपासणीत कळतो. रक्त गोठायला किती वेळ घेतं, त्याचा तो आकडा. माझा भलताच वर गेला होता.

"दुसरं औषध? काढा? चूर्ण?" बाईंनी विचारलं.

"नाय हो बाई, काय नाय."

सून नीलमनंही मान हलवली. आम्ही खोटं बोलत नव्हतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं, उठल्यापासून सांगा. आधी तोंडात काय जातं?"

"न्याहारीचा पेला!" मी कौतुकानं सांगितलं.

त्या पेल्याचं सांगते. ऑपरेशननंतर मला घास गिळवेना. निडीजवळ आमचं वालाचं शेत, तिथं नीलमच्या मधमाश्यांच्या पेट्या. ती केळं, भिजवलेले पोहे आणि दही मिक्सरला लावून वर मध घालायची. स्मूदी म्हणतात त्याला. अलीकडे त्यात परागकण आणि रॉयल जेलीही पडू लागली होती. रॉयल जेली म्हणजे कामकरी माश्या आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून काढून राणीच्या अळीला भरवतात ते दुधासारखं खाद्य. राणीच्या अळीच्या एका घरातून निघतं ते बोटाच्या टोकाएवढं. धन्य त्या माश्यांची, आणि ते काडीनं काढणाऱ्या माझ्या सुनेचीही.

बाई म्हणाल्या, "केळं, पोहे, थोडा मध चालेल. रॉयल जेली आणि परागकण या गोळीचा जोर वाढवू शकतात. त्यानंच झालं असं छातीठोक नाही सांगत, पण आजपासून बंद." मला दाखल करून घेतलं, व्हिटॅमिन के दिलं. त्यानं रक्त पुन्हा गोठू लागतं.

रोह्याहून नणंद भेटायला आली. खाटेशी उभी राहून म्हणाली, "काय गो नीलम, सासूला मधाचं बोट लावून वर धाडीत होतीस व्हय?" शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. नीलम बाहेर गेली. मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टवर होता. त्याला ती फोनवर सांगत होती, "पेट्या कुणाला तरी देऊन टाका. मला नकोत." सुईपेक्षा ते मला जास्त टोचलं.

"वन्सं," मी म्हटलं, "तुमच्या भावानं कधी पाण्याचा तांब्या दिला नाय मला. या पोरीनं भरवून उभी केली. हसायचं तर मला हसा. पेला मी प्यायले."

आकडा खाली आल्यावर घरी सोडलं. बाई नीलमला म्हणाल्या, "तुमच्यामुळे यांच्या अंगावर मांस चढलं. नवीन काही घालायच्या आधी फोन करा, एवढंच." तेच मी तुम्हाला सांगते. डॉक्टरांना गोळ्या सांगता तशी न्याहारीही सांगा. दमा, ॲलर्जी असेल तर रॉयल जेली, परागकण बाधू शकतात, म्हणून आधी विचारा.

घरी आल्यावरही नीलम पेट्यांकडे फिरकेना. "भीती वाटते, आई."

मग एका सकाळी मीच मिक्सर लावला. दोन पेले भरले. एकात फ्रिजमधली रॉयल जेली घातली. तिला दमा नाही, ॲलर्जी नाही, बाईंना विचारूनच घेतलं होतं.

"आई, तुम्हाला बंद आहे ना ते!"

"माझा नाय तो. तुझा हाय."

इतके दिवस काढत होती, पण कधी काडी चाटली नव्हती पोरीनं. एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "शी! किती आंबट! हे रोज पीत होतात तुम्ही?"

"व्हय. तू देत होतीस म्हणून."

तिनं सगळा पेला संपवला. मग जाळीची टोपी घालून वालाच्या शेतातल्या पेट्यांकडे निघाली.