सलग अनुभवाची अट

आमच्या गल्लीत तिला सगळे पाणीबाई म्हणतात. पालिकेच्या पाणीखात्यात ती रोज सकाळी टाकीचं पाणी काचेच्या नळीत घेते, औषधाचे थेंब टाकते आणि रंग बघून सांगते, आजचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही. कुणाकडे जेवायला गेली तरी आधी ग्लास उजेडात धरते. सासूबाई म्हणतात, "माझ्या मुलाला बघायला आलीस तेव्हा एवढं निरखून पाहिलं असतंस, तर दोघीही सुटलो असतो!"

हे काम ती अकरा वर्षं करते आहे आणि अकरा वर्षं हंगामी आहे. आता पाण्याला कसला आलाय हंगाम? माणसाला तहान बारा महिने लागते. पण खात्याची रीत अशी: अकरा महिन्यांचा आदेश द्यायचा, तो संपला की एक दिवस घरी बसवायचं आणि मग नवा आदेश काढायचा. त्या एका दिवसाला 'खंड' म्हणतात. खंड पडला की कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. असे तिचे बारा आदेश झाले, मधे अकरा खंड. आणि गंमत बघा, गंमत कसली, निर्लज्जपणा बघा, त्या अकराही दिवशी साहेबांचा निरोप यायचाच, "बाई, कागदावर तुम्ही नाही आहात, पण टाकीवर या." ती जायची. शहराला न तपासलेलं पाणी पाजायला तिचं मन धजायचं नाही.

यंदा जागा कायम झाली. जाहिरात एका वर्तमानपत्रात आली. ते वर्तमानपत्र विकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिने ते शोधून काढलं. अट होती, "पाणी तपासणीचा सलग एक वर्षाचा अनुभव." सलग! अंगावर माप घेऊन बेतावा तसा शब्द. अंग अर्थातच पालिकेच्या पाणी समितीच्या सभापतींच्या भाच्याचं होतं. त्याच्याकडे चौदा महिन्यांचा सलग दाखला होता, मामांच्याच बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याचा. तिथे तो बाटलीवरचं लेबल सरळ लागलंय का, ते तपासायचा.

मुलाखती झाल्या, भाचा निवडला गेला, आठवड्यात रुजूही झाला. पाणीबाईने माहितीचा अर्ज टाकला: कुणाला किती गुण, ते दाखवा. दोनदा उत्तर आलं, फाइल फिरतीवर आहे. फाइलला एवढं फिरायला मिळतं, माणसाला रजा मिळत नाही! तिसऱ्यांदा मात्र गुणपत्रक आलं. अनुभवाला वीस गुण. भाच्याला वीस. पाणीबाईला शून्य. शेरा: अनुभव सलग नाही.

"शून्य?" सासूबाई ओरडल्या. "अगं, शून्य मिळवायलासुद्धा काहीतरी चुकावं लागतं!"

पाणीबाई हसली नाही. तिने खंडांच्या दिवसांच्या नोंदवहीच्या प्रती मागवल्या आणि अपील केलं. सोबतीला म्हणून मी गेलो. अपील ऐकायला बसलेले कोण? तेच साहेब. शेजारच्या खुर्चीत भाचा, नव्या ओळखपत्राशी खेळत.

"साहेब, या अकरा दिवशीचं अक्षर कुणाचं?"

"तुमचं दिसतंय."

"खाली सही?"

"माझ्यासारखी आहे."

"सारखी?"

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा बाई, त्या दिवशी तुम्ही सेवेत नव्हता. म्हणजे ते काम झालंच नाही, असं धरायचं."

"मग तसं लिहून द्या. अकरा दिवस शहराला न तपासता पाणी सोडलं."

"छे छे, असं कसं लिहिणार? लोक दगड घेऊन येतील."

"मग तपासलं असं लिहा. मीच तपासलं. म्हणजे माझा अनुभव सलग झाला."

भाचा म्हणाला, "मावशी, एवढं काय मनाला लावून घेता? मला शिकवायला तुम्हीच येणार आहात ना!"

माझा हात शिवशिवला. पाणीबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "साहेब, दोनातलं एक लिहा. मी बसते."

ती बसली. साहेबांनी फोन केला, बाहेर जाऊन आले, पुन्हा फोन केला. दोन तासांनी कागद हातात आला. "सदर दिवशी पाण्याची तपासणी झाली. मात्र ती कोणी केली, याबाबत माहिती उपलब्ध नाही."

तिचं अक्षर टेबलावर होतं. ती समोर बसली होती. आणि माहिती उपलब्ध नाही! एका माणसाला अकरा वेळा बोलावून घ्यायचं आणि मग तो कोण होता कोण जाणे, म्हणायचं. वाघाने खाल्लं तरी निदान हाडं उरतात.

"शिक्का," ती म्हणाली. "शिक्का मारा यावर."

तो कागद घेऊन ती तडक वरच्या कार्यालयात गेली आणि दुसरं अपील टाकून आली. सुनावणीची तारीख मिळाली आहे, आठ महिन्यांनंतरची. तिचा बारावा आदेश परवा संपला. तेरावा निघाला नाही आणि भाच्याला शिकवायला ती गेली नाही. टाकीवर आता तोच असतो. आमच्या गल्लीत सगळे पाणी उकळून पितात. सासूबाई तर सकाळी पातेलं शेगडीवर ठेवत नाहीत, आपटतात.