बासिलियाने रोदेलला वाढलं

आमच्या इलोकोसच्या किनाऱ्यावर बासिलियासारखी हट्टी बाई शोधून सापडायची नाही. मी तिची शेजारीण. जन्म गेला माझा तिच्या तोंडी लागण्यात. वादळात तिचा रोदेल होडीसकट गेला. सोबतच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं नाही. झालं! तेवढ्यावर बाईने ठरवून टाकलं, पोरगा जिवंत आहे. रोज त्याचं जेवण वाढून झाकून ठेवायची, उशिरा येणाऱ्या माणसाला ठेवतात तसं. अतांग, म्हणजे मेलेल्यांना वाढतात ते ताट, त्याचं नावही काढू द्यायची नाही.

मग तिची नात आयरा तापाने फणफणली. दवाखान्यातली औषधं झाली, ताप हटेना. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याने नाडी धरली नि म्हणाला, "बाप भुकेला आहे हिचा, म्हणून पोरीला धरलंय. त्याला वाढा."

"तो समुद्रावर गेलाय," बासिलिया कडाडली. "जित्या माणसाला अतांग घालू? तुझ्या जिभेला काही हाड आहे का?"

सून जोविता पोरीच्या उशाशी बसली होती. तिने उठून सासूचे पाय धरले. "नानांग, नवरा गेला माझा. आता पोरही घालवू का? मीच वाढलं असतं, पण वांग्याची पोकी-पोकी त्याला तुमच्याच हातची लागायची."

बासिलियाने पाय सोडवून घेतले. मग परसात गेली, लांबडी वांगी तोडून आणली नि निखाऱ्यावर टाकली. मी उलटायला गेले तर खेकसली, "हात लावू नकोस. तुझी वांगी नेहमी कच्ची राहतात." साल करपली तशी चटके सोसत तिने ती सोलली. कांदा-टोमॅटो परतले, त्यात वांगं कुस्करलं, वर अंडी फोडून ढवळली. सवयीने चमचा तोंडाकडे नेला आणि थबकली. मेलेल्याच्या आधी चाखायचं नसतं. तिने चमचा तसाच खाली ठेवला.

भात, पोकी-पोकी, घोटभर उसाची दारू. येशूच्या तसबिरीखाली ताट मांडलं, उघडंच. मग नाव घेऊन बोलवायचं असतं. तिथे तिचं अडलं. दोनदा ताट सरळ केलं तिने. आत आयरा कण्हली.

"रोदेल," ती म्हणाली, "ये बाबा. जेव. नि पोरीला सोड."

सकाळी आयराला दरदरून घाम फुटला, ताप उतरला, पोरीने भात मागितला. जोविता रडता रडता हसायला लागली. आळीतल्या बायका चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला निघाल्या. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

बासिलिया चुलीपाशी बसून होती. मी म्हटलं, "अगं, नात वाचली तुझी! हस की जरा."

"ताप उतरला," ती म्हणाली. "म्हणजे तो जेवला."

"जेवला तर बरंच झालं ना!" मी बोलून गेले. जीभ झडो माझी.

"म्हणजे मेला गं माझा रोदेल," ती म्हणाली, आणि ऊर बडवू लागली.