साडूभाऊंचं वीस सेंटचं नाणं

जगात कुणालाच नको असलेल्या वस्तूवर जीव लावण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या आखातात सापडला नसता. नव्वदच्या दशकात अबुधाबीतली झाडून सगळी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी सोनं बघायला जायची. हा गृहस्थ मात्र कुणाला तरी कोपऱ्यात गाठून अमेरिकेच्या वीस सेंटच्या चांदीच्या नाण्याचं चरित्र सांगत बसायचा. एकोणिसाव्या शतकात ते नाणं निघालं आणि तीन-चार वर्षांत खलास, कारण दिसायला थेट पंचवीस सेंटसारखं, लोक देताघेता फसायचे. "कड गुळगुळीत आहे हो त्याची, बोट फिरवलं की कळतं. पण बोट फिरवायला वेळ कुणाला?" हे सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा. ऑफिसात प्रमोशन हुकलं तेव्हाही तो दाटला नव्हता.

बरं, हे सगळं नाणं जवळ नसताना! इतरांच्या पोस्टबॉक्समध्ये आईची पत्रं यायची, यांच्या बॉक्समध्ये अमेरिकेतल्या नाणेवाल्यांचे कॅटलॉग. वर्षानुवर्षं चित्रं बघून अखेर एका दिवाळीच्या आधी ते साक्षात घरी आलं. काळंकुट्ट! त्यांचा मुलगा म्हणाला, "डॅड, इट्स सो डर्टी." त्यावर तासभर प्रवचन झालं. तो काळेपणा म्हणजे सव्वाशे वर्षांची साय, ती आहे तोवर नाण्याला किंमत. घासलं की मेलं. आम्हाला ते श्वास रोखून बघावं लागलं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, ती प्रवचन सुरू होताच चकल्या तळायला निघून गेली. नाण्याचा विषय निघाला की तिला नेहमीच स्वयंपाकघरात काम असायचं. "भंगारवाल्याशी लग्न केलं असतं तर निदान भंगार विकलं तरी असतं," असं ती चारचौघांत म्हणायची.

लक्ष्मीपूजनाला आम्ही सगळे जमलो. साडूभाऊ पाहुण्यांना दाखवायला डबी घेऊन आले, उघडली, तर आत नुसती मखमल. इतक्यात ताई पूजेचं ताट घेऊन आली. कडेला तिचे दागिने आणि मधोमध ते नाणं, लखलखीत, जणू सकाळीच टाकसाळीतून आलेलं.

"चिंच लावून रांगोळीनं घासलं," ताई म्हणाली. "दरवर्षी माझंच सोनं मांडते. म्हटलं, यंदा तुमची लक्ष्मी मध्ये. एवढा जीव आहे तुमचा तिच्यावर."

साडूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नाण्याकडे बघितलं, मग ताईकडे. इतक्या वर्षांत त्यांच्या नाण्याला तिनं पहिल्यांदाच आपणहून हात लावला होता, आणि कौतुकाच्या अपेक्षेनं ती लाजून उभी होती.

"झकास झालंय," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच त्यावर हळदकुंकू वाहिलं. नंतर बाल्कनीत मला एवढंच म्हणाले, "तिला कधी कळता कामा नये." त्यांचे डोळे भरले होते. आयुष्यभर त्या माणसाची टिंगल केली मी, पण त्या दिवशी मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

आता दोघं पुण्यात असतात. दर दिवाळीला ताई ते नाणं चिंच लावून घासते. त्यावर कोरलेल्या बाईचे नाकडोळे केव्हाच पुसले गेलेत. साडूभाऊ शेजारी टॉवेल घेऊन उभे असतात आणि सांगतात, "अगं, त्या कडेला अजून जरा काळं राहिलंय बघ."