कमरेएवढं पाणी

आमच्या मळ्यात पोहण्याचा हौद होता असं सांगितलं की ऐकणारे मला आधी एकदा वरून खालपर्यंत पाहून घेतात. वांगी-मिरची लावणाऱ्याच्या घरी असला हौद कुठून आला, आणि आला तरी त्यात ही काठीवाली बाई काय पोहणार, असे दोन प्रश्न त्या पाहण्यात असतात. दोन्ही रास्त आहेत. पोहायला मी कधीच शिकले नाही. तो हौद चालण्यासाठी होता.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. आमचा मळा पिंपळगाव राजाच्या शिवारात. मी सात वर्षांची असताना तापाने फणफणले. ताप उतरला आणि उजवा पाय घेऊन गेला. गावात म्हणायचे, पोरीच्या पायावरून वारं गेलं. खामगावच्या डॉक्टरांनी त्याला पोलिओ म्हटलं. नाव बदलल्याने पायात काही फरक पडला नाही, पण डॉक्टरांनी एक काम सांगितलं. पाण्यात माणूस हलका होतो, म्हणाले, हिला छातीएवढ्या पाण्यात रोज चालवा. पायात काही जीव उरला असेल तर तो हळूहळू वर येईल. नसला तर, असं बाबांनी विचारलं. आधी चालवा तर, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच वर्षी बाबा विहिरीजवळ पाणी साठवायला हौद बांधत होते. गवंड्याला सांगून त्यांनी तो लांबट करून घेतला, एका बाजूने पायऱ्या काढल्या आणि धरायला लोखंडी नळीचा कठडा बसवला. बाबांचा हिशेब सरळ होता. इंजिन लावून हौद भरायचा, लेक त्यात चालेल, आणि मग तेच पाणी पाटाने वांग्यांना जाईल. पाणी वाया घालवणं त्यांना पाप वाटायचं. हिवाळाभर हा हिशेब जमलासुद्धा. रोज जुनं पाणी जायचं, नवं यायचं, आणि मी कठडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. थंडीने दात वाजायचे. मला त्या हौदाचा मनापासून राग यायचा.

होळी झाली आणि विहीर उतरली. इंजिन थोडा वेळ चाललं की नुसती हवा ओढायचं. जे पाणी मिळे ते थेट वांग्यांना जाऊ लागलं आणि हौदातलं पाणी हौदातच राहिलं. साचलेलं पाणी गप्प बसत नाही. चार दिवसांत ते हिरवं झालं, भिंतींना बुळबुळीत शेवाळ धरलं, आणि पायाला आधारासाठी बांधायच्या चामड्याच्या पट्ट्याने जिथे कातडी सोलली होती तिथे मला पू झाला. डॉक्टर चिडले. पाणी स्वच्छ ठेवता येत नसेल तर पोरीला त्यात घालू नका, म्हणाले, आणि पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर त्यांनी डबाभर दिली. सोबत काचेची एक नळी आणि औषधाची लहान बाटली. हौदाचं पाणी नळीत घेऊन त्यात थेंब टाकायचे. पिवळसर झालं तर पावडर कामावर आहे, रंग आला नाही तर संपली.

त्या दिवसापासून हौद मायच्या ताब्यात गेला. माय शाळेत गेलेली नव्हती, पण घरातलं लोणचं कधी नासू दिलेलं नव्हतं, आणि हौदाकडे ती लोणच्याच्या बरणीसारखीच पाहायची. ती चुकलीही भरपूर. पहिल्यांदा तिने तुरटी इतकी टाकली की पाणी आरशासारखं झालं आणि माझे डोळे झोंबून लाल झाले. मग कुणीतरी सांगितलं, तुरटीने पाणी आंबट होतं, त्याला चुन्याची निवळी लागते. ती निवळी जास्त झाली तेव्हा पाणी दुधाळ झालं. पावडर भर उन्हात टाकली तर ऊनच ती खाऊन टाकतं, म्हणून दिवेलागणीला टाकायची, हे तिला दोन डबे संपल्यावर कळलं. एकदा पावडरीचं ताजं पाणी वांग्याच्या रोपांवर गेलं आणि पानांच्या कडा करपल्या. बाबांनी करपलेली पानं खुडून मायच्या पुढ्यात आणून ठेवली. त्यानंतर हौदातून काढलेलं पाणी आधी बाजूच्या खड्ड्यात दोन दिवस उन्हात ठेवायचं आणि वास गेला की मगच वाफ्यांना द्यायचं, असा नियम झाला.

तेलाच्या दोन रिकाम्या पिंपांत खाली गोटे, वर कोळसा आणि त्यावर वाळू भरून तिने गाळणी करून घेतली. इंजिनची नळी हौदात सोडून पाणी पिंपांवर चढवायचं, ते झिरपत पुन्हा हौदात उतरायचं. वाळू भरली की पाणी काठावरून सांडायचं. मग सगळी वाळू उपसून धुवायची. पावडरीने कठडा गंजू लागला तेव्हा तिने त्याला डांबर फासलं. माझे हात काळे, परकर काळा. बाजूच्या कडूनिंबाचा पाला हौदात पडायचा म्हणून तिने त्या बाजूच्या फांद्या तोडायला लावल्या. शेजारपाजारच्यांना हे पाहून गंमत वाटायची. "पोरीसाठी व्हय का बाई, का म्हशी धुवाले?" असं कुणी विचारलं की माय म्हणायची, "या, तुमालेई धुतो."

पण पाण्याने गुण दिला होता, हे खरं. छातीएवढ्या पाण्यात मी कठडा सोडून चालू लागले होते. उजवा पाय थरथरत पुढे पडायचा आणि टिकायचा. काठावर बसून माय ते पाहायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची खुशी मला आवडायची. माझा हौदावरचा राग कधी गेला ते कळलं नाही.

शेजारच्या मळ्यात एक काकू होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि माझ्यावर त्यांचा फार जीव. एका बाजाराच्या दिवशी माय-बाबा खामगावला गेले असताना काकू आल्या, त्यांच्या हातात भरलेली चरवी आणि पूजेचं ताट. हौदाच्या काठावर त्यांनी नारळ फोडला, पाण्यात हळद-कुंकू सोडलं, आणि माझ्या पायाचं नाव घेऊन चरवीभर दूध हौदात ओतलं. मी पायरीवर बसून पाहत होते. काकू इतक्या मनापासून हात जोडून उभ्या होत्या की मला त्यांना थांबवावं असं वाटलंच नाही. उलट हे आधीच का नाही केलं, असं वाटलं.

माय आली तेव्हा काकू वाट पाहत थांबल्या होत्या, मोठ्या आनंदाने.

"हे काय करून ठेवलं तुमी?"

"पोरीच्या पायासाठी केलं बाई. नुस्त्या पावडरीनं कुठी पाय येते का? देवाले सांगा लागते."

"देवाले सांगाचं होतं तं देवळात सांगाचं. हौदात काऊन सांगतलं?"

मला हसू फुटलं. मायने माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विझलं. काकू रडत घरी गेल्या, आणि मायलाही ते नंतर लागलं असणार, कारण संध्याकाळी तिने त्यांच्याकडे भाजी पाठवली. पण पाणी नासलं ते नासलंच. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटला, वर पिवळट साय तरंगू लागली.

"सोडून दे वांग्यायले," बाबा म्हणाले. "दूधच हाय, मरत नाईत ते. मिरुग लागला का हौद पुन्हा भरू."

"आन् तोवर पायात आलेलं वापस गेलं तं?"

मायने आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत मी हौदाच्या काठावर पाय सोडून बसून राहिले आणि माय राबली. जुन्या धोतराने तिने वरची साय ओढून काढली. दिवेलागणीला पावडर टाकायची, सकाळी नळीत थेंब टाकायचे, रंग काही येत नसे. जेवढी पावडर टाकावी तेवढी दूध गिळून टाकायचं. ग्रामपंचायतीतून आणलेला डबा उन्हाळाभर उघडा राहिलेला, त्यातल्या पावडरीचा जोर उडून गेलेला, वाससुद्धा उरला नव्हता. शेवटी, पाणी सोडून दे म्हणणारे बाबाच सायकल काढून खामगावला गेले आणि ताजी पावडर घेऊन आले. दोन दिवसांनी सकाळी नळीतलं पाणी पिवळं झालं. मायने ती नळी मला, बाबांना आणि मुद्दाम बोलावून काकूंनाही दाखवली. मग तुरटी टाकली, बांबूने पाणी ढवळलं आणि दिवसभर कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. सगळी घाण तळाशी बसली. तळाचं भोक जरासं उघडून ती हळूहळू खड्ड्यात काढली. वर राहिलेलं पाणी इतकं स्वच्छ होतं की फरशीचे सांधे मोजून घ्यावेत. फक्त ते माझ्या कमरेपर्यंतच उरलं होतं.

"उतर," माय म्हणाली.

मी उतरले आणि चालले. कमरेएवढ्या पाण्यात, कठडा न धरता, पूर्ण हौदभर. मी ओरडत होते. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचितच झाला आहे.

इथून मायने आपलं शास्त्र काढलं. नवं पाणी घालायचं नाही. ऊन रोज थोडं थोडं पाणी नेतंच आहे, नेऊ द्यावं. वासराचं दूध तोडतात तसं पोरीचं पाणी तोडायचं. गुडघ्यापर्यंत आलं की ती जमिनीवर चालायला लागेल. डॉक्टरांना तिने हे सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बाकी साऱ्या गावाला मात्र तिने सांगून टाकलं की मृगाला पोरगी चालत शाळेत जाते.

पाणी उतरत गेलं आणि मायची मेहनत वाढत गेली. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर बिघडतं. ती सकाळ-संध्याकाळ नळी पाही. पाणी मांडीवर आलं आणि माझा पाय मुडपू लागला. माय म्हणाली, खाली शेवाळ असेल, पाय सटकून राह्यला. तिने अर्धा दिवस खपून विटेच्या तुकड्याने फरशी घासली. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा मुडपला. मग ती म्हणाली, झोप झाली नसेल. मग म्हणाली, सकाळची भाकर कमी खाल्ली. पाणी आणखी उतरलं.

एका सकाळी मी कठडा सोडला, एक पाऊल टाकलं आणि सरळ खाली बसले. माय लुगड्यासकट पाण्यात उतरली. तिने मला काखेत धरून उभं केलं.

"टाक पाय."

मी टाकला. तो कापडासारखा वाकला. तिने पुन्हा उभं केलं, तो पुन्हा वाकला. मग मला पायरीला टेकवून ती वाकली आणि मी उभी होते तिथली फरशी तळहाताने चाचपत राहिली. इकडे, तिकडे, सांध्यात बोट घालून. फरशी खरखरीत होती. पाणी नितळ होतं. त्यात तिला दोष द्यायला काहीच सापडलं नाही. मग ती माझ्याशेजारी पाण्यातच बसली आणि रडली. मायला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि पायाचं जे व्हायचं ते झालं आहे हे मला तिच्या रडण्यावरून कळलं. मला पायापेक्षा तिचं वाईट वाटलं.

बाबा विहिरीवर इंजिन चालू करून वांग्यांना पाणी लावत होते. मायने पदराने तोंड पुसलं.

"कमरेएवढ्यात चालत होती ना तू?"

"हाव."

ती उठून उभी राहिली आणि इंजिनच्या आवाजावरून बाबांना ओरडून म्हणाली, "काहो, हौदात पानी सोडा. पोरीच्या कमरेएवढं. आता रोज तेवढं राह्यलं पायजे."

"वांगे सुकून राह्यले अवो," बाबा म्हणाले. "असं कवापर्यंत?"

"आपन जिते हाओ तोवर."

बाबांनी पाटाकडची नळी उचलली आणि हौदात सोडली.