खैरुनबीच्या परड्यातली दुसरी चूल

खैरुनबी आमच्या गल्लीत गाद्या भरते. नवरा गेला तरी तिनं धंदा मोडला नाही. पुढच्या खोलीत कापूस पसरून बसते आणि तिची गादी पार राजारामपुरीपर्यंत जाते.

विधवेच्या राहत्या घराला महापालिकेच्या घरफाळ्यात, म्हणजे घरपट्टीत, सूट असते; घरात भाडेकरू असला तर मात्र नाही. शहात्तर सालच्या घरमोजणीत आलेल्या माणसाला तिच्या परड्यात दुसरी चूल दिसली. दोन चुली म्हणजे दोन बिऱ्हाडं! त्यानं कागदावर तिच्या घराला भाडेकरू लावला, सूट गेली. पूर्ण फाळा भरायचा तर पुढची खोली खरंच भाड्यानं द्यावी लागणार. मग गाद्या भरायच्या कुठं?

मलकापूरच्या शाळेत मी निबंधात पहिला यायचो. त्या जोरावर दुरुस्तीचा अर्ज मी लिहिला : 'सदर चूल केवळ पाणी तापविण्याकरिता आहे.'

खरं गल्लीला ठाऊक होतं. शेजारच्या आक्का माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. म्हणून त्यांची सून बयाबाई दर बुधवारी या चुलीवर मटण शिजवायची, सासूच्या चोरून.

"सूट गेली तर जाऊ दे," खैरुनबीनं मला बजावलं होतं, "पण पोरीच्या संसारात माती कालवू नको."

फाळ्याचे साहेब फेरतपासणीला आले ते नेमके बुधवारी. बयाबाई आत पळाली आणि गाद्यांच्या ढिगामागं दडली. साहेबांनी पातेल्यावरचं झाकण उचललं.

"पाण्याला तवंग झकास आलाय की!"

माझ्यातला निबंधवाला जागा झाला. "साहेब, मटण माझं. मीच शिजवतोय."

"म्हणजे भाडेकरू तुम्हीच. नाव सांगा."

मी नाव सांगितलं. वडलांच्या नावासकट! खैरुनबीनं कपाळ बडवलं. "आकाराम, मुडद्या, तुला चहा तरी येतो का रं करायला?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून आक्का कडाडल्या, "अवं पावणं, ती चूल आमची हाय! मटण आमचं, शिजवणारी आमची सून. त्या बाईकडं कोण भाडेकरू न्हाय."

बयाबाई बाहेर आली ती केसाला कापूस लावूनच. "आत्याबाई, तुमास्नी ठावं हुतं?"

"माळ गळ्यात घातलीया, नाकात न्हाय. झाकण ठेव आदी, वाफ जातीया."

साहेबांनी हसत भाडेकरू खोडला. इतक्या लवकर बिऱ्हाड उठलेला माणूस कोल्हापुरात दुसरा नसेल. खैरुनबीची खोली वाचली. गल्लीतल्या फाळ्याच्या तक्रारी आता आक्काच तोंडी मांडतात. मी त्यांची पिशवी धरायला जातो.