बसवून ठेवलेला माणूस

हिरव्या केळ्यांचा घड निम्मा सोलून झाला होता. आइकांडेचे हात चिकाने काळे पडले होते, सोललेली केळी पातेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलेली होती आणि सालींच्या ढिगाशी शेळी घुटमळत होती. तेवढ्यात तिचा दीर कीविया कुंपणापाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. थोरला भाऊ गेल्यापासून तो असाच कुंपणाबाहेरून बोलायचा आणि तीही त्याला कधी आत ये म्हणायची नाही.

"वहिनी, उद्या पाहुणे घेऊन डोंगरावर चाललोय. आचारी पळाला."

"पळाला? का, मिठाऐवजी साखर घातली का त्यानं?"

"थट्टा नको. हा तिसरा आचारी. माझ्या गटाबरोबर आता कुणी यायला तयार नाही. जेवण पुरत नाही म्हणतात."

"मग जास्त शिजवावं."

"कितीही शिजवलं तरी," कीविया खाली बघत म्हणाला, "एका माणसाचं कमीच पडतं."

आइकांडेने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. कोंबडीसारखी मान निघाली होती माणसाची. गेल्याच रविवारी त्याची बायको चर्चबाहेर तिच्या गळ्यात पडून रडली होती. "वर गेला की अन्नाला शिवत नाही हो, जाऊबाई. कमी पडलेलं ताट हा आपलं देऊन टाकतो. उपाशी पोटी बर्फात चढतो. एक दिवस हाही खाली यायचा नाही." तेव्हा आइकांडेच्या मनात आलं होतं की माझाही नाही आला. मग आपल्याच मनाची लाज वाटून तिने उपासनेत दोनदा क्षमा मागितली होती.

नवरा एलिरेहेमा डोंगरावर हरवल्यावर तिनेच त्याची कढई आणि डाव उचलला होता. डोंगरावर रांधायला जाणारी बाई म्हणजे मारांगू गावात थट्टेचा विषय. "वर चढून देवाला वाढणार वाटतं," असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, "तुम्हाला वाढण्यापेक्षा बरं." त्या कमाईवर लेक एलिनामी शिकली, नर्स झाली. आइकांडे बाकी सगळ्या गटांबरोबर गेली, फक्त दिराबरोबर कधी गेली नाही.

"भावजी," ती हात पुसत म्हणाली, "ही केळी तुझ्या बायकोकडे पोचव. सकाळी येते मी."

पहिल्या दिवशी रान लागतं. झाडांना लोंबणाऱ्या शेवाळाच्या दाढ्यांतून पाणी ठिबकत असतं आणि बारा महिने ओल हटत नाही. पाहुण्या म्हणजे दोन मध्यमवयीन बहिणी होत्या, गुडघे धरधरून चालणाऱ्या आणि प्रत्येक फुलाशी थांबणाऱ्या. संध्याकाळी मंदाराच्या झोपड्यांपाशी त्यांचं जेवण झालं आणि आइकांडे हमालांना वाढायला बसली. मक्याचा घट्ट उकडा, पालेभाजी आणि वर गाजर घातलेला मटणाचा रस्सा. तिची सवय अशी की वाढताना तोंडाकडे बघायचं नाही, ताटलीकडे बघायचं. माणसं तिला ताटल्यांवरून कळत. ही चेपलेली तारिमोची, ही भोक पडलेली अमक्याची. धुरातून एकामागून एक ताटल्या पुढे येत होत्या. त्यात एक निळ्या काठाची होती. तिने तीही भरली.

शेवटी कीविया आला, तेव्हा पातेलं खरवडून झालं होतं.

"काकी, तुझा डाव गळतो की काय?" तारिमो ओरडला. तो कीवियाच्या हाताखालचा वाटाड्या होता आणि जिभेला हाड नसलेला माणूस होता. "का वाटेत माकडांना जेवण घातलंस?"

"माकडं आधी येऊन बसली होती, त्यात एक तू," आइकांडे म्हणाली. पण ताटल्या धुताना तिचे हात थांबले. चेपलेली होती, भोकाची होती. निळ्या काठाची कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी होरोंबोचा मुक्काम. तिथे झाडं संपतात, ढग पायाखालून चढून येतो आणि माणूस हातभरावर दिसत नाही. संध्याकाळी आइकांडेने ठरवलं होतं की आज वर बघायचं. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणत ती वाढत होती. सगळ्यांचे हात ढगाने ओले झाले होते, बोटांवरून थेंब गळत होते. मग निळ्या काठाची ताटली आली. ती धरणारा हात मात्र कोरडा ठक्क होता. नखांत वरच्या माळरानाची राखट माती भरलेली. तिने रस्सा वाढला. डावात वाफ होती. ताटलीत पडताच वाफ विझली.

तिला मान वर करता आली नाही. प्रार्थनेचे शब्दही अर्ध्यावर अडकले. हात गेला तेव्हाच तिने डोळे उचलले. समोर नुसतं पांढरं धुकं होतं आणि धुक्याच्या कडेला रिकामी ताटली मांडीवर घेऊन बसलेला कीविया.

"जेवलास?"

"जेवलो."

"खोटारड्या. तुझी ताटली कोरडी आहे." ती त्याच्या शेजारी बसली. "भावजी, आजवर तुला विचारलं नाही, आज विचारते. त्या दिवशी काय झालं?"

कीविया काडीने जमीन कोरू लागला. मग बोलला. दोन शिखरांमधल्या माळरानावर एलिरेहेमाला धाप लागली. तो एका मोठ्या दगडाला टेकून बसला, जेवणाची ताटली पुढ्यात होती. कीवियाबरोबर पाहुणे होते, वर जायचं होतं. "मी म्हणालो, दादा, तू इथंच बस. कुठं जाऊ नको. परतताना तुला घेतो. तो म्हणाला, बरं. परतताना एक पाहुणा आजारी पडला, त्याला पाठीवर घेऊन मी दुसऱ्या जवळच्या वाटेनं पळालो. वाटलं, दादा आपला आपण उतरला असेल. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो तर..."

पुढचं तिला ठाऊकच होतं. देह मिळाला नाही. नदीतला एक गोटा नवऱ्याच्या कोटात गुंडाळून केळीच्या बागेत पुरला. आणि कीविया सगळ्या भाऊबंदांसमोर तिच्या दारात इसालेचं पान घेऊन उभा राहिला. आमच्याकडे बांधावर ही झुडपं असतात. त्यांच्या पानाला गाठ मारून कुणी ते समोर धरलं की क्षमा करावीच लागते, मग तो कितीही मोठा अपराधी असो. नाही म्हणता येत नाही. तिने पान घेतलं होतं.

"वेड्या," ती हळूच म्हणाली. "चुकीच्या दारात दिलंस की रे पान. मला कुठं बसवून ठेवलं होतंस तू?"

कीवियाने तिच्याकडे पाहिलं. मग जाकिटाच्या आतून एक हिरवं, गाठ मारलेलं पान काढलं. "दर खेपेला नवं तोडून नेतो, वहिनी. त्या दगडापर्यंत जातो. खाली ठेवायला हात धजत नाही. वाटतं, मी वाकलो की तो माझा हात धरेल आणि म्हणेल, आता तू बस."

"उद्या त्या दगडापर्यंत मी येते बरोबर."

माळरानावर गवताची काडी उगवत नाही. दुपार असूनही धुकं असं दाटलं होतं की पुढे चालणाऱ्या पाहुण्यांच्या नुसत्या काठ्यांचा आवाज येत होता. दगड जवळ आला तसा कीवियाने तारिमोला थांबवलं.

"इथून पुढं तू ने त्यांना. रांधायचंही तुम्हीच बघा. शिखरावर तूच घेऊन जा."

"मी? दादा, थट्टा करतोस का? तब्येत बरी आहे ना?"

"परतताना कुणाला मागं ठेवायचं नाही. कुणाला 'बस' म्हणायचं नाही. समजलं?"

तारिमो मान डोलावून पाहुण्यांकडे पळाला. काठ्यांचा आवाज लांब गेला आणि विरला.

दगडाच्या आडोशाला ताटली होती. मुलामा उडालेली, गंजलेली, पण काठाची निळाई अजून शाबूत. आइकांडे खाली वाकली. ताटलीत कालचाच रस्सा होता, गोठून दगड झालेला. गाजराचे तिरपे काप तिने ओळखले. तसं तिरपं मारांगूत दुसरं कुणी कापत नाही. एलिरेहेमाला तसेच आवडायचे. कुणी घासभरही खाल्लं नव्हतं.

"खात नाही तो," ती पुटपुटली. "नुसती आपल्याला आठवण करून देतो."

कीविया गुडघ्यांवर बसला. त्याने पान दगडापाशी धरलं. खाली ठेवलं नाही, कुणाच्या तरी हातात द्यावं तसं धरून राहिला.

"दादा, चुकलो. तुला बसवून विसरलो."

काहीच झालं नाही. वारा नव्हता, धुकं हललं नाही. मग ते पान त्याच्या बोटांतून अलगद सुटलं. खाली मात्र पडलं नाही. आइकांडेने जमिनीवर सगळीकडे पाहिलं.

"आता पुढचं बोल," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे का, हे तिला कळेना. "नुसती माफी मागून कसं चालेल? परतताना नेतो म्हणाला होतास ना?"

कीविया कसाबसा उभा राहिला. "दादा, ऊठ. न्यायला आलोय."

त्याने मागे वळून पाहू नये म्हणून तिने त्याचा हात धरला आणि दोघं उतरायला लागली. थोडं अंतर गेल्यावर मागे राखट मातीवर पावलं वाजू लागली. पाय घासत, धाप लागलेल्या माणसाची. कीविया भरभर निघाला की आइकांडे हात ओढून म्हणायची, "दमानं. त्याला दम लागतो." चढावर दोघं थांबली की मागची पावलंही थांबत. होरोंबोला दोघं दार सताड उघडं टाकून, भिंतीकडे तोंड करून पडली. खालच्या रानात आवाज बदलला. ओल्या पाचोळ्यावर पाऊल पडत होतं, आणि जिथून जिथून ते जाई तिथली माकडं चिडीचूप होत. आइकांडे मोठ्याने चर्चमधली गाणी म्हणत होती. प्रभूला हे चालेल का, हे तिने विचारलं नाही. घरच्या माणसाला घरी नेण्यात त्याची काय हरकत असणार?

गावच्या वाटेवर मान्का आजी बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसं चालीवरून ओळखते.

"आलात का? सावकाश गं बायांनो... नाही, बाईची चाल एकच आहे. तिघंही दमलेले वाटता. मागच्याला जरा हात द्या की, पाय ओढतोय बिचारा."

"देतो, आजी," कीविया म्हणाला. तेवढं बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कुंपणापाशी तो नेहमीसारखा थबकला. आइकांडेने फाटक उघडून धरलं. "आत ये, भावजी." तो आत आला. ती फाटक तसंच धरून उभी राहिली, आणखी कुणी आत यायचं असावं तशी. पावलं तिच्या अंगावरून गेल्यासारखी गार झुळूक गेली, केळीच्या बागेत शिरली आणि तिथे थांबली. केळीची पानं एकदाच सळसळली.

त्या संध्याकाळी कीविया तिच्या चुलीपाशी जेवला, भरल्या ताटावर आडवा हात मारून, आणि तिथेच भिंतीला टेकून झोपी गेला. त्याच्या बायकोला निरोप धाडला तर ती धावत आली, त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. आइकांडे बाहेर गेली नाही. बागेकडची खिडकी तिने लावून घेतली.

सकाळी ती केळीखाली गेली. इतक्या पावसाळ्यांत त्या गोट्यावरची माती तसूभरही खचली नव्हती. दगडावरची माती कशाला खचेल? आज मात्र तिथे माणसाच्या लांबीचा खोलगट खड्डा पडला होता, आत कुणी नीट निजल्यासारखा.

तिने क्रुसाची खूण केली नाही, ओरडली नाही, कुणाला हाकही मारली नाही. टोपली आणि कुदळ घेतली आणि त्याच्यावर घालण्यासाठी ओढ्याकाठची माती आणायला निघाली.